हनुसंधीची अतिवृद्धी : निदान, शस्त्रकर्माचा काळ आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

मुख वाकडे दिसले की अर्दित, आणि अर्दित म्हटले की नस्य, शिरोबस्ती व एकांगवीर, ही सांगड आपल्या मनात पक्की बसलेली असते. बहुतेक वेळा ती योग्यही ठरते. परंतु चेहरा वाकडा होण्याची सर्व कारणे वातवाहिन्यांत नसतात. काही रुग्णांत खालच्या जबड्याचे एका बाजूचे हाड संधीच्या ठिकाणी गरजेपेक्षा जास्त काळ आणि जास्त वेगाने वाढत राहते. हनुवटी हळूहळू दुसऱ्या बाजूस सरकते, दातांची जुळणी बिघडते आणि तीन-चार वर्षांत मूळचा चेहरा ओळखू येईनासा होतो. या विकारास आधुनिक शास्त्रात 'कंडायलर हायपरप्लेझिया' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'हनुसंधीची अतिवृद्धी' असे म्हटले आहे.

हा विकार वारंवार आढळणारा नव्हे. सामान्य चिकित्सालयात वर्षानुवर्षे एकही रुग्ण न दिसणे शक्य आहे. तरीही त्याची माहिती आवश्यक आहे, कारण येथे काळाला फार महत्त्व आहे. वाढ चालू असताना रुग्ण योग्य ठिकाणी पोहोचला तर संधीतील काही मिलीमीटर हाड काढून ती थांबवता येते. निदानास उशीर झाला तर वरचा जबडाही तिरपा होतो आणि मग दोन्ही जबडे कापून पुन्हा बसवावे लागतात. हा उशीर अनेकदा आपल्याच चिकित्सालयात किंवा औषधालयाच्या काउंटरवर होत असतो. म्हणून शस्त्रकर्म आपण करणार नसलो तरी त्याचे स्वरूप आपणास माहीत हवे.

शारीर आणि शास्त्रीय विचार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात संधींचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत हनूच्या दोन्ही बाजूंचे संधी 'वायसतुंड' म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखे मानले आहेत. चेष्टावंत संधींची गणना करताना शाखा व कटी यांबरोबर हनूचाही उल्लेख आहे. हा संधी केवळ बिजागरीसारखा उघडत नाही. तोंड उघडताना खालच्या जबड्याचे गोल टोक, म्हणजे कंडाइल, आधी फिरते आणि मग पुढे घसरते. दोन हाडांमध्ये कूर्चासदृश चकती असते. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडल्यास ही हालचाल बोटाखाली स्पष्ट जाणवते.

कंडाइलच्या माथ्यावर कूर्चेचा पातळ थर असतो. वाढीच्या वयात जबड्याची लांबी वाढण्यास तो बराच कारणीभूत असतो. मुलींत साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी आणि मुलांत सतरा ते विसाव्या वर्षाच्या सुमारास ही वाढ मंदावून थांबते. अतिवृद्धीच्या रुग्णात एका बाजूचा हा थर शांत होत नाही किंवा थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. विकार बहुधा दहा ते तीस या वयोगटात प्रकट होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. निश्चित कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. आघात, संप्रेरके, संधीवरील विषम भार व आनुवंशिकता यांची चर्चा ग्रंथांतून होते.

आयुर्वेदीय परिभाषेत या विकाराची जागा शोधताना सुश्रुत सूत्रस्थानातील धातूंच्या क्षय-वृद्धीचे विवेचन आठवते. तेथे अस्थिवृद्धीची लक्षणे म्हणून अध्यस्थी व अधिदंत सांगितले आहेत. हनुसंधीची अतिवृद्धी ही स्थानिक अध्यस्थी होय, असे म्हणण्यास आधार आहे. अर्दित व हनुग्रह हे वातव्याधी आहेत. येथे मात्र धातूच वाढलेला आहे. हा भेद केवळ नावाचा नाही, कारण त्यावर चिकित्सेची दिशा ठरते.

मुखवैरूप्याचे विभेदक निदान

चेहरा वाकडा झालेला रुग्ण समोर आल्यास पुढील विकार एकमेकांपासून वेगळे करावेत.

१) अर्दित : सुरुवात अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होते. पीडित बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत, डोळा पूर्ण मिटत नाही, गालात हवा धरता येत नाही. हसताना वाकडेपणा वाढतो. दातांची जुळणी मात्र पूर्वीसारखीच राहते. कपाळ व डोळा शाबूत असून फक्त ओठाची बाजू लुळी पडली असेल, तर मेंदूतील विकाराची शंका घेऊन रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

२) हनुसंधीची अतिवृद्धी : सुरुवात सांगता येत नाही. महिने-वर्षे चाललेला, बहुधा वेदनारहित बदल. आठ्या, डोळे, गाल सर्व व्यवस्थित. तोंड पूर्ण उघडते. वाकडेपणा हाडाचा असल्याने चेहरा स्थिर असतानाही तितकाच दिसतो.

३) हनुसंधीचे जखडणे : बालपणी हनुवटीवर पडल्याचा किंवा कान फुटल्याचा इतिहास मिळतो. तोंड उघडत नाही किंवा फार थोडे उघडते. हनुवटी पीडित बाजूकडेच वळते. अतिवृद्धीत ती पीडित बाजूपासून दूर जाते. हा उलटा संबंध लक्षात ठेवण्याजोगा आहे.

४) एका बाजूची अपूर्ण वाढ : जन्मतः किंवा बालपणीच्या इजेमुळे एक बाजू लहान राहते आणि निरोगी बाजू मोठी भासते. कानाची पाळी लहान किंवा विकृत असल्यास याचा विचार करावा.

५) स्नायू व ग्रंथींची सूज : एकाच बाजूने सतत सुपारी किंवा गुटखा चघळणाऱ्यांत चावण्याचा स्नायू जाड होतो. दात आवळल्यावर तो कठीण लागतो. लाळग्रंथीची सूज कानाच्या पाळीखाली असते. दाढेचा विद्रधी वेदना व ज्वर यांनी ओळखू येतो. मार्केट यार्डाच्या परिसरात तंबाखू-सुपारीचे सेवन करणारे रुग्ण आपणास नित्य भेटतात, त्यांच्यात ही कारणे प्रथम तपासावीत.

६) अर्बुद : कंडाइलवर 'ऑस्टिओकाँड्रोमा' नावाचे सौम्य अर्बुद होऊ शकते आणि त्याचे चित्र अतिवृद्धीसारखेच दिसते. वेदना, झपाट्याने वाढ, बधिरता किंवा मानेत गाठी असल्यास दुष्ट अर्बुदाची शंका घ्यावी. दोन्ही जबडे, हात-पाय वाढत असून अंगठी व पादत्राणे घट्ट होत असतील, तर पीयूषिका ग्रंथीची तपासणी करून घ्यावी.

अतिवृद्धीचेही दोन मुख्य प्रकार आहेत. झुरिचचे शस्त्रविशारद हुगो ओबवेगेसर व माकेक यांनी १९८६ साली ते स्पष्टपणे वेगळे मांडले. पहिल्या प्रकारात जबडा आडवा वाढतो. हनुवटी विरुद्ध बाजूस जाते आणि त्या बाजूचे खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर बसतात. दुसऱ्या प्रकारात जबडा उभा वाढतो. चेहऱ्याची ती बाजू लांब दिसते, ओठांची रेषा तिकडे खाली झुकते, जबड्याची खालची कड लोंबल्यासारखी भासते आणि दाढांमध्ये फट पडते. वरचा जबडा ती फट भरण्यासाठी खाली उतरला की दातांची संपूर्ण पातळीच तिरपी होते. काही रुग्णांत दोन्हींचे मिश्रण आढळते.

चिकित्सालयातील सोपी तपासणी

यंत्रसामग्रीशिवाय दहा मिनिटांत पुढील गोष्टी करता येतात.

प्रथम जुनी छायाचित्रे मागवावीत. दहावीचे ओळखपत्र, घरच्या लग्नातील फोटो, आधारपत्र, जे उपलब्ध असेल ते समोरासमोर ठेवून पाहावे. बदल केव्हापासून आणि किती वेगाने झाला हे शब्दांपेक्षा छायाचित्र अधिक प्रामाणिकपणे सांगते.

त्यानंतर रुग्णास सरळ बसवून भुवयांच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यावरून खाली दोरा धरावा. हनुवटीचा मध्य दोऱ्यापासून किती मिलीमीटर दूर आहे ते पट्टीने मोजावे. वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या मध्यरेषा जुळतात का ते पाहावे. जीभ दाबण्याची लाकडी पट्टी दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये आडवी चावायला द्यावी. ती डोळ्यांच्या रेषेशी समांतर नसेल तर दातांची पातळी तिरपी झाली आहे. तोंड किती उघडते ते मोजावे. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावली, म्हणजे साधारण चाळीस मिलीमीटर, तर उघडणे पुरेसे आहे. शेवटी कानापुढे दोन्ही संधी चाचपून हालचाल, आवाज व वेदना यांची नोंद करावी.

ही सर्व मापे दिनांकासह रुग्णपत्रावर लिहावीत. तीन महिन्यांनी घेतलेली तीच मापे शस्त्रविशारदास उपयोगी पडतात. मात्र नोंद ठेवण्यासाठी रुग्णास थांबवून ठेवू नये. शंका आली त्याच दिवशी संदर्भपत्र द्यावे.

पुढील तपासण्या

दंतविभागात प्रथम ओ.पी.जी. ही संपूर्ण जबड्याची क्ष-किरण प्रतिमा काढतात. तीत दोन्ही कंडाइलची लांबी व आकार यांची तुलना होते. पुढे समोरून व बाजूने डोक्याच्या मोजमापाच्या प्रतिमा, दातांचे प्लास्टरचे साचे आणि सी.टी. किंवा कोन-बीम सी.टी. यांचा आधार घेतला जातो.

तथापि या प्रतिमा हाड किती वाढले ते सांगतात, ते आज वाढते आहे का ते सांगत नाहीत. त्यासाठी अस्थींचे 'स्पेक्ट' स्कॅन करतात. टेक्नेशियम-९९ एम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन सुमारे तीन तासांनी प्रतिमा घेतात. जेथे अस्थिनिर्मिती जोरात आहे तेथे ते अधिक साठते. दोन्ही कंडाइलमधील ग्रहणाची टक्केवारी काढली असता फरक दहा किंवा त्याहून अधिक असेल, म्हणजे एका बाजूस ५५ व दुसरीस ४५ अथवा त्यापेक्षा विषम, तर वाढ सक्रिय मानण्याचा प्रघात आहे. या द्रव्याचा अर्धायुकाल सहा तासांचा असल्याने ते लवकर निष्प्रभ होते. गर्भवती व स्तन्यदा स्त्रियांनी मात्र आपली अवस्था आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

या चाचणीस मर्यादा आहेत. संधिशोथ, संसर्ग किंवा भरून येणारा अस्थिभंग यांतही ग्रहण वाढते. वाढीच्या वयातील मुलांत दोन्ही बाजू सक्रिय असतात. म्हणून केवळ एका अंकावर शस्त्रकर्म ठरत नाही. छायाचित्रे, मापे, साचे व स्कॅन यांचा एकत्र विचार होतो आणि गरज पडल्यास काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली जाते.

शस्त्रकर्माचे स्वरूप

मुखावरील शस्त्रकर्म पुण्यास नवे नाही. टिपूविरुद्धच्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेपासून पुन्हा घडवले गेले. त्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला आणि युरोपातील शस्त्रविशारदांचे लक्ष या पद्धतीकडे वळले. हनुसंधीचा इतिहास त्यानंतरचा आहे. कंडाइलच्या अतिवृद्धीचे पहिले वर्णन रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३६ साली केल्याचे मानले जाते. १८५६ साली इंग्लंडमधील हम्फ्री यांनी कंडाइल काढण्याच्या शस्त्रकर्माची नोंद प्रसिद्ध केली. जबड्याचे हाड चिरून सरकवण्याची आज रूढ असलेली पद्धत ट्राउनर व ओबवेगेसर यांनी १९५७ साली मांडली.

आजचे नियोजन एका प्रश्नावर अवलंबून आहे : वाढ चालू आहे की थांबली आहे?

वाढ सक्रिय असल्यास 'हाय कंडाइलेक्टॉमी' म्हणजे कंडाइलच्या माथ्याचे छेदन करतात. पूर्ण भूल देऊन कानाच्या अगदी पुढे, त्वचेच्या नैसर्गिक घडीत छेद घेतात. संधीचे आवरण उघडून कंडाइलचा वरचा साधारण चार ते पाच मिलीमीटर भाग सूक्ष्म करवतीने काढतात. उरलेले टोक गुळगुळीत करतात आणि चकती जागेवर ठेवून आवरण शिवतात. वाढीचा कूर्चाथरच निघून गेल्याने पुढील वाढ थांबते. काही शस्त्रविशारद दोन्ही बाजूंच्या उंचीतील फरक मोजून नेमके तितके हाड काढतात. त्यामुळे वाढ थांबण्याबरोबर चेहऱ्याची उंचीही बरीच जुळते आणि काहींना दुसऱ्या शस्त्रकर्माची गरज उरत नाही. काढलेला भाग विकृतिपरीक्षेसाठी पाठवणे अनिवार्य समजावे. अर्बुद नाही याची खात्री त्यानेच होते. ऑस्टिओकाँड्रोमा असल्यास छेदन अधिक खालून करून संधीची पुनर्रचना करावी लागते.

वाढ थांबलेली असल्यास संधीला हात लावण्याचे प्रयोजन बहुधा नसते. उरलेले वैरूप्य दुरुस्त करायचे असते. प्रथम तारा लावून दात आपापल्या हाडावर सरळ करतात. यास साधारण एक ते दीड वर्ष लागते. त्यानंतर खालचा जबडा दोन्ही बाजूंस चिरून सरकवतात. वरचा जबडा तिरपा असेल तर 'ल फोर्ट-१' पद्धतीने तोही सोडवून समपातळीत आणतात. हाडे टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी बसवतात. हे छेद तोंडाच्या आतून असल्याने चेहऱ्यावर व्रण राहत नाही. आवश्यकतेनुसार हनुवटी सरकवणे किंवा जबड्याची खालची कड घासणे हेही केले जाते.

सक्रिय वाढीच्या रुग्णात दोन्ही टप्पे एकाच वेळी करावेत की काही महिन्यांच्या अंतराने, तसेच कोवळ्या वयात शस्त्रकर्म करावे की शरीराची वाढ संपण्याची वाट पाहावी, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. लवकर केल्यास वैरूप्य वाढत नाही. वाट पाहिल्यास काहींची वाढ आपोआप थांबते, पण तोवर चेहरा बिघडतो. हा निर्णय रुग्ण, पालक व शस्त्रविशारद यांनी मिळून घ्यायचा असतो.

उपद्रव व मर्मविचार

कानापुढील छेदाची जागा पाहिली की आपणास मर्मशारीर आठवल्याशिवाय राहत नाही. वर शंख हे सद्यःप्राणहर मर्म, कानाच्या मागे-खाली विधुर हे वैकल्यकर मर्म, आणि या दोहोंच्या दरम्यान शस्त्र चालवायचे असते. आधुनिक शारीरानुसार तेथून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा आणि शंखप्रदेशाकडील रक्तवाहिन्या जातात. संधीच्या आतल्या बाजूस मोठी धमनी असते. कपाळाकडे जाणाऱ्या शाखेवर ताण आल्यास भुवई उचलणे काही काळ कमी होते. हे दौर्बल्य बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते, क्वचित कायम राहते. अन्य उपद्रवांत रक्तस्राव, संसर्ग, दातांची जुळणी बदलणे, तोंड कमी उघडणे आणि जेवताना कानापुढे घाम येणे यांचा समावेश होतो. खालचा जबडा चिरल्यास खालच्या ओठाची बधिरता येऊ शकते. ती बहुतेकांत कमी होत जाते, काहींत थोडी उरते.

शस्त्रकर्मानंतर भुवई न उचलणारा रुग्ण आपल्याकडे आला तर नवे अर्दित समजून चिकित्सा आरंभू नये. प्रथम शस्त्रविशारदाशी बोलावे.

एक रुग्णवृत्त

बिबवेवाडीतील चिकित्सालयात अठरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीस तिची आई घेऊन आली. अन्यत्र अर्दिताचे निदान होऊन पाच महिने नस्य, मुखाभ्यंग व औषधे झाली होती. आईचे म्हणणे होते की गुण येत नाही, उलट वाकडेपणा वाढतोच आहे. मुलीने फोटो काढून घेणे सोडले होते आणि वर्गात ती हनुवटीवर हात ठेवून बसत असे.

तपासणीत कपाळाच्या आठ्या समान होत्या, डोळे पूर्ण मिटत होते, गालात हवा धरता येत होती. तोंड तीन बोटे उघडत होते. हनुवटी दोऱ्यापासून सात मिलीमीटर डावीकडे होती आणि डावीकडील खालचे दात बाहेर बसत होते. दहावीच्या ओळखपत्रावरील चेहरा जवळजवळ सरळ होता. उजव्या संधीची अतिवृद्धी असावी अशा शंकेने संदर्भपत्र दिले. आईस सांगितले, "ताई, ही नसेची व्याधी नाही. उजवीकडचे हाड वाढते आहे. तेल आणि नस्याने ते थांबणार नाही. ही तपासणी आधी करून घ्या, मग पुढचे पाहू."

शहरातील दंतमहाविद्यालयात झालेल्या तपासण्यांत उजव्या कंडाइलची मान लांब दिसली. स्कॅनमध्ये उजवीकडे ६१ व डावीकडे ३९ टक्के ग्रहण आढळले. उजव्या बाजूचे माथ्याचे छेदन करण्यात आले आणि विकृतिपरीक्षेत अर्बुद आढळले नाही. सहा महिन्यांनंतरच्या मापांत हनुवटी आणखी सरकलेली नव्हती. पुढे तारांची चिकित्सा व खालच्या जबड्याचे दुसरे शस्त्रकर्म झाले. कानापुढील व्रण केसांच्या कडेस लपून गेला. पहिल्या पाच महिन्यांत दातांची जुळणी कोणी पाहिली असती तर निदान तेव्हाच झाले असते.

आपली औषधे कोठे आहेत

हनुसंधीची सक्रिय अतिवृद्धी आपल्या कोणत्याही कल्पाने थांबते, असा पुरावा नाही. हे स्पष्टपणे रुग्णास सांगणे हा वैद्याचा धर्म आहे. इतकेच नव्हे, 'हाडाचा विकार' म्हणून अस्थिशृंखला, लाक्षा गुग्गुळ, प्रवाळ यांसारखी अस्थिपोषक द्रव्ये देणे आपल्याच सिद्धांताविरुद्ध आहे. वृद्धी झालेल्या धातूचे क्षपण सांगितले आहे, पोषण नव्हे. आणि क्षपण स्थानिक व तातडीचे हवे असेल तर अष्टविध शस्त्रकर्मांतील छेदन हाच मार्ग उरतो.

२०२० सालच्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य या विषयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांचे प्रशिक्षण नमूद केले, त्यावर बरीच चर्चा झाली. आपल्यासारख्या पदवीधर वैद्यांपुढील प्रश्न त्याहून साधा आहे. हनुसंधीचे शस्त्रकर्म हे मुख व जबडा शस्त्रविशारदाचे काम आहे. आपले काम त्याच्या आधीचे व नंतरचे आहे.

शस्त्रकर्मापूर्वी : रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी लिहून द्यावी. तीत काष्ठौषधी, गुग्गुळ कल्प, रसौषधी व घरगुती काढे सर्व असावेत. लसूण, आले, हळद व गुग्गुळ यांचे औषधी मात्रेतील सेवन रक्त गोठण्यावर परिणाम करू शकते. नियोजित शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे अशी औषधे थांबवण्यास भूलतज्ज्ञ सांगतात, त्याचे पालन करावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे मात्र स्वतः बंद करू नयेत. तंबाखू सोडवावी, मुखशुद्धी सुधारावी, अग्नी व मलप्रवृत्ती नियमित करावी.

शस्त्रकर्मानंतर : आहाराच्या बाबतीत आपला संसर्जनक्रम येथे चपखल बसतो. आरंभी भाताची पेज, मुगाचे कढण, नाचणीची आंबील, दूध, पातळ ताक. नंतर तूप घातलेले खिमट, मऊ वरण-भात. मांसाहारी असल्यास मांसरस. कठीण व चिवट पदार्थ शस्त्रविशारदाने परवानगी दिल्यावरच. वजन दर आठवड्यास पाहावे, कारण द्रव आहारावर रुग्ण झपाट्याने कृश होतो. तोंडात टाके असताना गंडूष-कवलासाठी तीक्ष्ण काढे वापरू नयेत. सांगितलेली गुळणी तेवढी करावी. व्रण पूर्ण भरेपर्यंत त्यावर अभ्यंग नको. बधिर त्वचेवर स्वेदन कदापि करू नये, भाजल्याचे रुग्णास कळत नाही. नस्यही परवानगीनंतरच, विशेषतः वरच्या जबड्याचे शस्त्रकर्म झाले असेल तेव्हा. संधीच्या छेदनानंतर तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू होतात. वेदनेच्या भीतीने रुग्ण ते टाळतो आणि संधी आखडतो. येथे वैद्याचा धीर फार उपयोगी पडतो.

वाढती सूज, ज्वर, पू, न थांबणारा रक्तस्राव, श्वासास अडथळा किंवा दात अचानक न जुळणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास तत्काळ परत पाठवावे.

औषधालयचालकांसाठी

चेहरा वाकडा होत असलेला तरुण रुग्ण महिनोन्महिने एकांगवीर, वातविध्वंस किंवा वेदनाशामके घेऊन जात असेल, तर पुढचे पाकीट देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. वाकडेपणा अचानक आला की हळूहळू? दात पूर्वीसारखे जुळतात का? जुना फोटो आहे का? उत्तरे 'हळूहळू' आणि 'जुळत नाहीत' अशी आली तर औषध विकण्यापेक्षा दंतविभागाकडे पाठवणे हीच खरी सेवा होय. असा सल्ला देणाऱ्या दुकानावर गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो, हा व्यवहारातलाही अनुभव आहे.

बिबवेवाडीतील रुग्णास फार दूर जावे लागत नाही. सातारा रस्त्यावर धनकवडी येथे भारती विद्यापीठाचे दंतमहाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि शहरात अन्य दंतमहाविद्यालयेही आहेत. मुंबईत शासकीय दंतमहाविद्यालय व नायर रुग्णालय दंतमहाविद्यालय आहे. विमाधारक कामगारांनी कामगार राज्य विमा योजनेच्या बिबवेवाडीतील रुग्णालयात प्रथम दाखवून संदर्भपत्राविषयी विचारावे. इतरांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या लाभाबाबत संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी, कारण हे शस्त्रकर्म केवळ सौंदर्यासाठी नसून चर्वणक्रियेसाठीही आहे, हे कागदपत्रांत स्पष्ट नमूद असणे हिताचे ठरते.

सारांश

१) हळूहळू वाकडा होणारा, वेदनारहित, दातांची जुळणी बदललेला चेहरा म्हणजे अर्दित नव्हे.
२) दोरा, लाकडी पट्टी, तीन बोटे आणि जुने छायाचित्र यांनी शंका पक्की करता येते.
३) अतिवृद्धीत हनुवटी पीडित बाजूपासून दूर, तर जखडलेल्या संधीत पीडित बाजूकडे वळते.
४) वाढ सक्रिय असेल तर कंडाइलच्या माथ्याचे छेदन, थांबली असेल तर दात व जबड्यांची पुनर्रचना.
५) अस्थिपोषक औषधे देऊन वाट पाहणे टाळावे. संदर्भपत्र त्याच दिवशी द्यावे.

वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या चिकित्सालयात पुढील मुखवैरूप्याचा रुग्ण येईल तेव्हा नस्याचे तेल हाती घेण्यापूर्वी एकदा त्याचे दात मिटवून पाहावेत, एवढीच विनंती.